उभ्या माणसाचं लेकरू

डब्याचं झाकण प्रियंकाच्या हातातून निसटलं, बसच्या पत्र्यावर खणकन आपटलं आणि कडेवर उभं राहून घरंगळत दाराकडे निघालं. गाडीचं इंजिन अजून बंद होतं. आतली माणसं माना टाकून गप्प बसली होती. त्या गप्पपणात तो आवाज असा झाला, की जणू मेहकरच्या घरात मांजरानं फळीवरून काही पाडलं असावं.

"घ्या, उठवलं समद्यांना," खिडकीकडं बसलेली म्हातारी म्हणाली. सोजराबाई तिचं नाव. जागेवर टेकल्याबरोबर तिनं आपलं गाव भालकी, आपले दोन्ही गुडघे आणि हैदराबादेत वॉचमन असलेला मुलगा, अशी सगळ्यांची ओळख करून दिली होती.

प्रियंकाला उठता येईना. मांडीवर आमू झोपली होती. पाच वर्षांची पोर जागेपणी कडेवर घेतली तर हलकी वाटते, झोपली की दगडासारखी होते.

झाकण पुढच्या दारापाशी जाऊन एका पायाला लागलं आणि कलंडलं. रबरी चपलेतला, घोट्यापाशी सुजलेला पाय. ती बाई नुकतीच पायरी चढून आत आली होती. एका हातावर कापडात गुंडाळलेलं बाळ, दुसऱ्या हातात चाकांची मोठी बॅग. तिनं बॅग सोडली, वाकून झाकण उचललं, कमरेच्या रंगीत कापडाला पुसलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाकडं दिलं. या हातातून त्या हातात करत ते प्रियंकापर्यंत आलं.

प्रियंकानं तिला ओळखलं. हैदराबादच्या विमानतळावरून शहरात आणणाऱ्या बसमध्ये ती दोन सीटा पुढं होती. दर थांब्याला उठायची, ड्रायव्हरला मोबाइल दाखवायची आणि विचारायची, "बीदर?" ड्रायव्हर हातानंच खाली बस म्हणायचा. उंच, काळ्या तुकतुकीत रंगाची. केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून त्या मागं घट्ट बांधलेल्या. बीदरच्या बाजारात टमाटे निवडून घेणारी आफ्रिकेची कॉलेजातली मुलं प्रियंकानं पाहिली होती. बाई पहिल्यांदाच पाहत होती, तीही लेकरासकट, एकटी.

झाकण लावताना डब्यातली भाकरी बोटांना लागली. तीळ लावलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. राजपालसाठी बांधलेली. नवऱ्यानं ती नेलीच नाही. "विमानात देत्यात खायला," म्हणाला आणि डबा परत तिच्याच हातात ठेवला. मग दारावरच्या शिपायानं त्याचा पासपोर्ट पाहिला, काचेचं दार सरकलं आणि मिटलं. आमू काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी होती.

"पप्पा परत भाईर कामून येईनात?"

"कामाला चाललेत ना बाळा. विमानात बसायचंय."

"मग विमान भाईर येईल?"

त्याआधी राजपालनं प्रियंकाला खांबाआड नेऊन सांगितलं होतं, "हिला एवढ्यात काय सांगू नको. माझं सोपं हाय, पप्पा कामाला गेले म्हनून. तुझं दोन महिन्यांनी. तवाचं तवा बघू. लेकरू हाय, आज्जीपाशी आठ दिवसांत रमतंय. तू तेवढं सकाळी एजंटला होय म्हनून टाक. त्यो उद्याच्या वर थांबायचा न्हाई."

कुवेतच्या दवाखान्यात तिच्यासाठी नर्सची जागा होती. दोन वर्षांचा करार. लेकरू नेता येणार नव्हतं. भालकीजवळ मेहकरला सासूबाई होत्या, सरुबाई. त्यांनी आपणहून 'ठिव माझ्यापाशी' म्हटलं होतं. सगळं नीट जमून आलं होतं. प्रियंकाचं एक 'होय' तेवढं राहिलं होतं, आणि आमूला सांगणं.

"बीदर, भालकी! बीदर, भालकी! लास्ट गाडी!" कंडक्टर गुरुबसव बाहेरून पत्र्यावर थाप मारत ओरडला. त्याबरोबर कुठून कुठून माणसं आली आणि मधली वाटही भरून गेली. पोती, पिशव्या, एक कूलर. गाडी हलली.

"कर्नाटकात बायकांना फुकट हाय म्हनं," तिकिटाची वेळ आल्यावर सोजराबाई म्हणाली.

"आज्जी, हे तेलंगण हाय. तुमचं कर्नाटक अजून लै लांब हाय."

"गाडी तर तुमचीच हाय की. मी गाडीत बसलेय. तेलंगणात कुटं बसलेय?"

मागं कुणीतरी हसलं. गुरुबसवही हसला, पण तिकीट फाडलंच.

ती परदेशी बाई गर्दीबरोबर सरकत सरकत प्रियंकाच्या सीटपाशी येऊन थांबली होती. बॅग पायांत अडकलेली, एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातावर बाळ. शहर मागं पडलं, तसा ड्रायव्हरनं वेग घेतला. एका वळणावर ती बाई भेलकांडली आणि बाळ कापडातून घसरल्यासारखं झालं.

प्रियंकाचे हात तिच्या आधी पुढं गेले. आमूला तिनं सोजराबाईच्या अंगावर लोटलं, "द्या इकडं" म्हणाली आणि बाळाला काखेत हात घालून उचलून घेतलं.

"नो! नो!"

किंकाळीच होती ती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, दिवे लागले. त्या बाईनं दांडी सोडून दोन्ही हातांनी बाळ ओढून घेतलं होतं आणि छातीशी असं आवळलं होतं, की ते रडायला लागलं. तिचे डोळे भीतीनं मोठे झाले होते.

"क्या हुआ, क्या हुआ? मॅडम, व्हाट?" गुरुबसव माणसं बाजूला सारत आला.

"शी टुक माय बेबी!"

"लेकरू पळवायल्या का काय ओ बाई?" मागून एक आवाज आला, आणि दोघंतिघं हसले.

प्रियंकाचे हात अजून तसेच पुढं होते. त्यांना बाळाच्या काखेतली ऊब लागलेली होती. दवाखान्यात वापरायचं तेवढं इंग्रजी तिला येत होतं, पण त्यातलं एकच तोंडात आलं. "सॉरी. सॉरी सिस्टर."

सोजराबाई मात्र भडकली. "चोर हाव काय ग बाई आमी? उभ्या मानसाचं लेकरू बसल्यालं मानूस घेतंय, एवढंच. माझी चार लेकरं ह्याच रस्त्यावर लोकांच्या मांडीवर ल्हान्याची मोठी झाली. कुनाची मांडी व्हती ते मला बी ठाऊक न्हाई."

"तिला काय म्हाईत आज्जी, आपल्यातलं," प्रियंका म्हणाली.

"लेकरू पडायलंय हे समद्या जगात कळतंय की."

"आज्जी, बस करा आता," गुरुबसव म्हणाला आणि त्या बाईकडं वळून, जमेल तेवढ्या भाषा एकत्र करून समजावू लागला. "मॅडम, नो चोर. गुड अक्का. बेबी फॉल, सो. ओके?" त्या बाईनं मान हलवली, पण ती पटून हलवली की हे सगळं थांबावं म्हणून, ते कळलं नाही. दिवे मालवले. गाडी पुढं निघाली.

प्रियंकानं आमूला पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. तिचे कान तापले होते. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण आमूचं मनगट नको तेवढं घट्ट धरलंय. विमानतळावर, त्या काचेच्या दारापाशी, एखाद्या अनोळखी बाईनं असं एका झटक्यात आमूला उचललं असतं तर? तिनं बोटं सैल केली. आमूच्या मनगटावर त्यांचे वळ उमटले होते. ते तिनं अंगठ्यानं हळूहळू चोळून काढले.

आता कुणीच त्या बाईकडं हात करेना. मघाची किंकाळी सगळ्यांच्या कानांत होती. ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभी होती. दर ब्रेकला तिचं बाळ दांडीकडं झेपावत होतं. तिच्या घोट्याची सूज प्रियंकाच्या नजरेसमोरच होती. बाळंतिणीच्या पायांची सूज तिला चांगली ठाऊक होती.

प्रियंका उठली. आमूला खांद्यावर टाकून वाटेत उभी राहिली आणि रिकाम्या जागेकडं बोट केलं. "सीट."

त्या बाईनं मान हलवली. नको.

"सीट," प्रियंका पुन्हा म्हणाली. दवाखान्यातल्यासारखी, जरा दरडावून.

मागचा एक माणूस संधी साधून सरकला, तशी सोजराबाईनं आपली पिशवी त्या जागेवर आपटली. "ए बाबा, तुझ्यासाठी न्हाई ते. तुला लेकरू हाय का पोटाशी?"

मग ती बाई बसली. सीटच्या अगदी कडेला, उठता येईल अशी. सोजराबाईनं पिशवी उचलली, अंग चोरलं आणि खिडकीबाहेर तोंड करून, रागावल्याचं सोडलेलं नाही हे दाखवत राहिली. पण थोड्या वेळानं तीच म्हणाली, "टेक की मागं. मी काय चावत न्हाई." शब्द कळले नाहीत तरी हात कळला. ती बाई मागं टेकली.

रस्ता सरळ लागला. ड्रायव्हरशेजारी एक बाई उभी होती. बोलता बोलता, न बघताच, तिनं आपलं पोर शेजारी बसलेल्या तरुणाकडं दिलं. त्यानंही मोबाइलवरची नजर न काढता ते मांडीवर घेतलं आणि पाय हलवू लागला. ना तिनं विचारलं, ना त्यानं. परदेशी बाई ते बघत होती. पोर त्या तरुणाच्या खिशातलं पेन काढू लागलं, त्यानं पेन काढून त्याच्या हातात दिलं, तेही तिनं पाहिलं. मग तिनं मान वळवून प्रियंकाकडं पाहिलं.

प्रियंकाचा खांदा भरून आला होता. आमूचं डोकं दर खड्ड्याला तिच्या गळ्यावर आपटत होतं.

त्या बाईनं बाळ डाव्या हातावर घेतलं आणि उजवा हात पुढं केला. हात तसाच धरला.

"दे की," सोजराबाई म्हणाली. "कामून बघायलीस? आता उभं मानूस तू हायस."

प्रियंकाला कळत होतं, हे काहीच अवघड नाही. भालकी ते बीदर, बीदर ते हुमनाबाद, आमू किती मांड्यांवरून गेली होती. एकदा तर एका फौजदाराच्या मांडीवर ओलं करूनही झालं होतं. ही बाई परकी म्हणून हात सुटेनात का? तेही असेल थोडं. पण तिला दिसत होतं ते वेगळंच: मेहकरच्या घराचं दार, दारात सरुबाईंचा पुढं केलेला हात, आणि आमू अशीच झोपलेली. झोपेतच द्यावी, म्हणजे रडणार नाही, असं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. हे ठरवलेलं कुणालाही सांगितलं नव्हतं, राजपाललाही.

गाडीला हिसका बसला. प्रियंकानं आमूला खाली उतरवलं. त्या बाईच्या मांडीवर आमूची पाठ टेकली, डोकं तिच्या दंडावर आलं, पाय सोजराबाईच्या लुगड्यावर गेले. प्रियंकाचा एक हात आमूच्या पाठीखाली अडकून राहिला. तो काढायला तिला जरा वेळ लागला.

आमू उठली नाही. झोपेत तिनं तोंड वळवलं आणि त्या रंगीत कापडात नाक खुपसलं.

जहिराबादला गाडी चहाला थांबली. बरीच माणसं उतरली, आणि पलीकडच्या बाजूची कडेची जागा प्रियंकाला मिळाली. मध्ये फक्त जायची वाट. ती बसल्यावर त्या बाईनं दोन्ही लेकरांकडं आळीपाळीनं पाहिलं, जरा हसली आणि मग बाळ आपल्या हातानं उचलून वाटेवरून प्रियंकाकडं दिलं.

प्रियंकानं या वेळी दोन्ही तळवे आधी उघडे करून दाखवले आणि मग घेतलं. बाळ चारेक महिन्यांचं होतं. कोमट, जड, दुधाच्या वासाचं. त्यानं तिची करंगळी पकडली.

"नाव इचार," सोजराबाई म्हणाली. तिचा राग जहिराबादच्या चहात विरघळला होता.

बाईचं नाव नीमा. देश टांझानिया. नवरा बीदरला कॉलेजात शिकत होता, स्टँडवर घ्यायला येणार होता. बाळाचं नाव बराका.

"बरकत!" चहाचा ग्लास घेऊन चढणारा गुरुबसव म्हणाला. "हमारे में बरकत बोलते, मॅडम."

"यस, यस, बराका," नीमा म्हणाली. पहिल्यांदाच मोकळी हसली. मग तुटक इंग्रजीत प्रियंकाला सांगू लागली. नवऱ्यानं फोनवर तीन-तीनदा बजावलं होतं: बाळ कुणाच्या हातात देऊ नको, बॅग कुणाच्या हातात देऊ नको, हसून बोलणाऱ्याच्या तर मुळीच देऊ नको. "यू डिड नॉट स्माइल," ती म्हणाली. "यू जस्ट टुक."

प्रियंकानं ते सोजराबाईला मराठीत सांगितलं.

"मग? लेकरू पडायलं तर हसत बसायचं व्हतं का?" सोजराबाई म्हणाली आणि स्वतःच खुदखुदली. "डबा काड ग माय. तिच्या पोटात काय हाय न्हाई बघ. अंगावरचं पाजनारी बाई हाय ती."

डबा वाटेवरून पलीकडं गेला. नीमानं भाकरीचा तुकडा मोडला, तो कडकन वाजला तशी दचकली. चटणी चाखली, डोळे मिटले. "करांगा," ती म्हणाली.

"काय म्हनती?"

"शेंगा म्हणत असेल."

"शेंगा," सोजराबाईनं तिला शिकवलं. "शें-गा."

नीमानं दीड भाकरी खाल्ली. राजपालसाठी बांधलेली.

प्रियंकाच्या मोबाइलवर निरोप आला: 'बसलो. आता बंद करायलोय. सकाळी एजंटचं इसरू नको. आमू झोपली का?' तिला उत्तर लिहायचं होतं, पण बराकानं करंगळी सोडली नव्हती, आणि एका हातानं लिहायला जमेना. जमलंही असतं कदाचित. तिनं मोबाइल पालथा करून ठेवला.

पलीकडं नीमाचा एक हात मोकळा होता. खाऊन झाल्यावर तिनं तो कापडाला पुसला आणि आमूच्या कपाळावरचे केस मागं सारले. एकदा, दोनदा. मग कानाजवळची एक बट वेगळी काढली. बाहेर बघत, हाताकडं न बघता, तिची बोटं ती बट विणायला लागली. झोपलेलं डोकं दंडावर कसं तोलायचं, केस ओढला न जाता पेड कसा घट्ट करायचा, हे त्या बोटांना पाठ होतं. बराकाच्या डोक्यावर तर अजून नुसती लव होती.

प्रियंका बघत राहिली. मग विचारलं, "मुलगी आहे तुम्हाला? डॉटर?"

नीमाची बोटं थांबली. तिनं होय म्हणून मान डोलावली. मोकळा हात गाडीच्या पत्र्यापासून वर नेला आणि एका उंचीवर धरला, एवढी. मग त्या हाताकडं बघून जरा थांबली आणि तो चार बोटं आणखी वर नेला.

"विथ माय मदर," ती म्हणाली. "फ्रॉम स्मॉल." तिकडं शहरात दोघांनाही काम होतं, मुलगी गावाकडं ठेवली; मग नवरा इकडं आला, मग बराका झाला. या खेपेला दोन्ही लेकरांना आणायचं होतं, पण एकच जमत होतं, आणि हा तर अंगावर पिणारा.

"काय म्हनती?" सोजराबाईनं विचारलं.

प्रियंकानं सांगितलं नाही. तिला आणखी एक विचारायचं होतं, आणि इंग्रजीत ते कसं विचारावं हे शोधायला तिला बराच वेळ लागला. "ती तुम्हाला ओळखते?"

नीमानं आमूच्या केसांतला पेड शेवटपर्यंत विणला. टोकाला गाठ मारण्याजोगं काही नव्हतं, म्हणून आपल्या कापडाच्या काठातला एक दोरा दातानं तोडला आणि त्यानं बांधलं.

"ऑन फोन," ती म्हणाली, "ऑन फोन शी नोज मी व्हेरी वेल."

सोजराबाईला डुलकी लागली होती; आमूचे तळवे तिनं झोपेतही पदराखाली घेतले होते. रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं तेलुगूची कानडी झाली. बराकानं करंगळी चोखायला सुरुवात केली, त्यात काही मिळेना म्हणून कुरकुरला, आणि प्रियंकानं त्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. तशी तिनं दवाखान्यात शेकडो लेकरं थोपटली होती. रात्रपाळीला. तेव्हा आमू घरी कुणाजवळ तरी झोपलेली असायची.

बीदरच्या स्टँडवर एक किडकिडीत तरुण गाडीबरोबर पळत आला. प्रत्येक खिडकीत वाकून बघत होता. नीमानं काचेवर थाप मारली, तसा तो थांबला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसताच उभा राहिला.

उतरायची घाई झाली. गुरुबसवनं बॅग खाली घेतली. प्रियंकानं बराकाला पुढं केलं, नीमानं आमूला. मधल्या अरुंद वाटेत दोन्ही लेकरं क्षणभर चार हातांवर आली. बराकाची झोप मोडली आणि तो मोठ्यानं रडला. "ओ, ओ, ओ," करत नीमानं त्याला छातीशी घेतलं. आमू डोळे किलकिले करून हे सगळं बघत होती. तिच्या गालावर त्या रंगीत कापडाची घडी उमटली होती.

पायरीवरून नीमा परत वळली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. म्हणाली, "शेंगा," आणि हसली, आणि उतरली.

खाली त्या तरुणानं बाळ घ्यायला हात केले. नीमानं लगेच दिलं नाही. आधी तिनं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं. गाडी हलली, तेव्हा ती दोघं तशीच उभी होती.

भालकीच्या वाटेवर गाडीत सात-आठच माणसं राहिली. प्रियंका आपल्या जुन्या जागेवर आली. आमू मांडीवर बसून टक्क जागी होती. तिचा हात कानाशी गेला, पेड सापडला, आणि ती तो बोटांनी वरून खाली चाचपत राहिली.

"हे कुनी घातलं?"

"त्या काकूनं."

"मी तिच्याजवळ व्हते?"

"व्हय. मी उभी व्हते ना. मग तिनं तुला घेतलं. आपल्यात घेत्यात की नाही, तसं."

"आन् तू तिचं बाळ घेतलंस."

"व्हय."

आमूनं विचार केला. दोरा ओढून पाहिला. तो निघाला नाही.

"बाळ रडलं," ती म्हणाली. "मग त्याच्या आईनं घेतलं त्याला."

"व्हय ग बाळा. झोप आता. आज्जी वाट बघायलीय आपली."

"मी रडले व्हते का?"

"न्हाई. तू तर गाढ झोपली व्हतीस. शानी माझी."

खिडकीबाहेर अंधारात एक पाण्याची टाकी मागं गेली. शेजारी सोजराबाई हलकं हलकं घोरत होती. आमूनं मान वर करून आईच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. नुसतं कुतूहल होतं, खरोखर न कळल्यासारखं.

"आई, मी रडलेच न्हाई. मग तुला कसं कळलं, मला परत घ्यायचं ते?"